रात्रपाळी आणि तान्हं बाळ: घरातला ओव्हर कसा द्यायचा

मी स्टाफ नर्स आहे. पाळी बदलताना काय झालं, काय बाकी हे पुढच्या माणसाला सांगतात, त्याला आम्ही ओव्हर म्हणतो. ड्यूटी कुडाळात, घर नेरूरला. आमची नाईट रात्री आठ ते सकाळी आठ. महिन्यातून दोनदा, दर वेळी सलग चार किंवा पाच. नवरा एसटीत चालक. आठवड्यातल्या एक-दोन रात्री त्याची वस्तीची गाडी असते, म्हणजे तोही घरी नाही. घरात सासूबाई. मुलगी सव्वापाच महिन्यांची असताना मी परत हजर झाले आणि पहिल्या पंधरा दिवसांत जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या.

ज्यांचं पहिलंच मूल आहे आणि रजा संपून रात्रपाळी समोर दिसतेय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. नर्सच असायला हवं असं नाही. सावंतवाडी-बांद्याकडून गोव्यातल्या औषध कंपन्यांत रात्रपाळीला जाणाऱ्या मुली आहेत, मोपाच्या विमानतळावर रात्र काढणारे बाप आहेत, पहाटेच्या अंधारात होडी लोटणारे आहेत. प्रत्येकाच्या वेळा वेगळ्या, पण घरची ओढाताण सारखीच.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे बाळाला घ्यायला हात कमी पडत नाहीत. शेजारच्या काकू घेतात, आत्या घेते, मासेवालीसुद्धा पाटी उतरवून दोन मिनिटं घेते. रात्रभर जागलेल्या आईला सलग पाच तास झोपू देणारं माणूस मात्र शोधावं लागतं. म्हणून आधी आपली झोप आखायची आणि मग बाळाचं खाणंपिणं तिच्याभोवती बसवायचं. मी नेमकं उलट केलं होतं.

पायरी पहिली: रजा संपायच्या दीड महिना आधी कागद बघा

१९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. पोट घेऊन चालवत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर आधीचे आठवडे कमी घ्या, म्हणजे नंतर बाळाजवळ जास्त मिळतात. मी तीनच घेतले होते.

कामावर परतल्यावरच्या दोन तरतुदी बऱ्याच जणींना ठाऊक नसतात. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी वेळ मिळतो. आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, पण या गोष्टी तशाच आहेत. रात्रीच्या पाळीत पाळणाघर कुठे उघडं असतं, असं विचाराल तर मलाही हसू येतं. पण तो दोनदाचा वेळ मात्र सोडू नका. बाळ जवळ नसलं तरी दूध काढायला तोच वेळ उपयोगी पडतो. तोंडी न विचारता अर्ज द्या आणि पोचपावती घ्या.

नाईट पूर्णपणे टाळण्याची विनंती मान्य होईलच असं नाही. ती जरूर करा, पण ‘नाईट नको’ म्हणण्यापेक्षा ‘नाईट सलग द्या’ हे मागणं लवकर मान्य होतं. एक रात्र, मग सकाळपाळी, मग पुन्हा रात्र असं रोस्टर तान्ह्या बाळाच्या आईला मोडून काढतं. पाळी बदलायचीच तर सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला त्यातल्या त्यात सोपा जातो.

मग नवऱ्याचं आणि तुमचं रोस्टर शेजारी ठेवा. आमच्याकडे कॅलेंडरवर माझ्या नाईटना लाल गोल आणि त्याच्या वस्तीला निळा. ज्या तारखेला दोन्ही गोल, त्या रात्री माझी आई वेंगुर्ल्याहून येते, नाहीतर आमच्यापैकी एक जण ड्यूटी बदलून घेतो. साठी उलटलेल्या बाईवर तान्हं मूल एकटीने रात्रभर टाकायचं नाही, हे मी सासूबाईंना न विचारता ठरवलं. त्यांना ते आवडलं नाही. तरी ठरवलं.

पायरी दुसरी: बोंडल्याची सवय

जेमतेम दोन दिवस आधी ही सवय लावायला गेलात तर बाळ तोंड फिरवतं आणि घरात रडारड होते. तीन आठवडे आधी सुरुवात करा. काढलेलं आईचंच दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या भांड्याने, द्यायचं. बाटली मी टाळली. तिची बुचं आणि खाचा रात्री दोन वाजता नीट धुतल्या जात नाहीत, आणि बाटलीला सरावलेली काही मुलं अंगावर ओढायचा कंटाळा करतात. ‘तुझो घोव बोंडल्यारच वाढलो’ म्हणत सासूबाईंनी माळ्यावरून चांदीचं काळं पडलेलं बोंडलं काढलं. चिंचेने घासलं, दहा मिनिटं उकळलं, आणि ते आजतागायत चालू आहे.

पहिले काही दिवस दूध पाजणारं माणूस आईखेरीज दुसरं हवं, आणि आई त्या खोलीत नको. मुलीला माझा वास आला की बोंडलं उडवून लावायची. मी पडवीत जाऊन बसायचे आणि आतून तिचं रडणं ऐकत नखं खायचे. चौथ्या दिवशी रडणं थांबलं. बाळाला उभट धरून, बोंडल्याचं तोंड खालच्या ओठावर टेकवून, त्याच्या गतीने द्यायचं. ओतायचं नाही.

पायरी तिसरी: दूध किती, कुठे, किती वेळ

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या महिन्यानंतर सहा महिन्यांपर्यंत बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. त्यावरून एक ढोबळ हिशोब निघतो: तुम्ही जितके तास घराबाहेर, त्या प्रत्येक तासाला ३० मिलीच्या आसपास. माझे जाण्यायेण्यासकट साडेतेरा तास, म्हणून मी ४०० मिली ठेवते. एकाच भांड्यात नाही, ६० ते ९० मिलीच्या छोट्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत. डबा एकदा कोमट करून बाळाच्या तोंडाला लागला की उरलेलं दूध फेकावं लागतं. मोठा डबा म्हणजे मोठं नुकसान. काढलेल्या दुधाचा एकेक थेंब ओतून देताना काय वाटतं ते सांगायला नको.

टिकण्याचा नियम पुस्तकात असा सापडतो: २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये काही महिने. आता एप्रिल-मे महिन्यात आपल्या कौलारू घरात २५ अंश कुठे असतात? घामाने पदर भिजतोय आणि दूध ओट्यावर चार तास ठेवायचं, हे मला पटत नाही. मी दोन तासांपुढे जात नाही, आणि शक्यतो काढल्या काढल्या फ्रिजमध्ये टाकते. फ्रिजमधलंही दोन दिवसांत संपवते, कारण आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही.

डबे फ्रिजच्या दारात ठेवू नका, आत मागच्या बाजूला ठेवा. दार सारखं उघडझाप होतं, तिथे गारवा टिकत नाही. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख आणि वेळ, आणि वापरताना जुनं आधी. मासळीच्या घरात आणखी एक काळजी: दुधाच्या डब्यांना झाकणाचा वेगळा मोठा डबा, आणि कच्चे बांगडे त्याच्या वर कधीच नाहीत. सुरमईच्या पिशवीतून पाणी ठिबकलं आणि मला तीन डबे ओतावे लागले, तेव्हापासून मासळीला खालचा कप्पा. तसाच मासळीबाजारातला बर्फ दुधाचा डबा गार ठेवायला वापरू नका. स्वस्त आणि हाताशी असतो, पण तो खाण्याचा बर्फ नव्हे.

वीज गेली तर फ्रिज उघडायचाच नाही. बंद फ्रिज साधारण चार तास गार राहतो. जास्त वेळ गेली आणि आपण घरी नव्हतो, तर फ्रीझरमधलं वितळून पुन्हा गोठलं की काय हे कळत नाही. त्याला युक्ती आहे. छोट्या वाटीत पाणी गोठवायचं, वर एक रुपयाचं नाणं ठेवायचं, वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यायची. नाणं वरच असेल तर सगळं ठीक. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं. ते दूध द्यायचं नाही.

गरम करताना डबा कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्हही नको. तो काही भाग चटका बसेल इतका तापवतो आणि बाकीचं गार ठेवतो. ठेवलेल्या दुधावर सायीसारखा थर येतो, दूध नासलं म्हणून सासूबाईंनी पहिल्या दिवशी ते तुळशीत ओतलं होतं. हलक्या हाताने डबा फिरवला की थर मिसळतो.

आणि दूध पुरत नसेल तर? डॉक्टरांना विचारून पावडरचं दूध द्यावं लागलं तर अपराधी वाटून घेऊ नका. फक्त डब्यावर लिहिलंय त्याच मापाने करा; पातळ करून पुरवायचं नाही. गाईम्हशीचं दूध वर्षाच्या आत आईच्या दुधाऐवजी नको, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवायलाही नको.

पायरी चौथी: ड्यूटीवर दूध काढणं

रात्री अंगावरच्या दुधाचा संप्रेरक जास्त तयार होतो. त्यामुळे रात्री बारा तास दूध काढलंच नाही तर छाती दगड होते, गाठी येतात, ताप भरतो आणि आठवड्याभरात दूध कमी होतं. दर तीन तासांनी काढायला हवं. मी अकरा, दोन आणि पाच अशा वेळा धरते. पाचाची बहुतेक वेळा चुकते, कारण सकाळची औषधं, रक्ताचे नमुने आणि टेम्परेचर सगळं एकदमच येतं. दोनाची चुकवत नाही.

आमच्या वॉर्डला लागून चादरींची खोली आहे. खिडकी नाही, कपाटाला फिनेलचा वास. दोन वाजता मी मावशींना सांगते, ‘मावशी, दहा मिनिटं बेलकडे लक्ष द्या.’ हात धुते, उलट्या बादलीवर बसते, मोबाईलमध्ये मुलीचा जांभई देतानाचा व्हिडिओ लावते. त्याने पान्हा लवकर फुटतो, खरंच. मग अंगठा वर आणि बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग एकत्र चिमटायचं, सोडायचं. बोटं कातडीवर घासायची नाहीत. पहिलं मिनिटभर काहीच येत नाही आणि वाटतं, आज नाही. मग थेंब, मग धारा. वाटीच्या स्टीलवर धार पडल्याचा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटतो.

पंप असेल तर काम लवकर होतं, पण हाताने काढायला आलंच पाहिजे. पंप बिघडतो, चार्जिंग संपतं, एखादा भाग सापडत नाही. काढलेलं दूध वॉर्डाच्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, तो त्यासाठी नसतो. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये घरून आणलेला बर्फ आणि त्यात डबा, एवढं सकाळपर्यंत पुरतं.

पायरी पाचवी: ओव्हर

आमच्याकडे पाळी बदलताना ओव्हर देतात. कुठल्या बेडला काय दिलं, काय बाकी, कोणाकडे लक्ष ठेवायचं, सगळं लिहून आणि तोंडी. घरी मात्र मी महिनाभर ‘सगळं ठीक ना?’ एवढंच विचारत होते आणि ‘हो गो’ एवढंच उत्तर घेत होते. मग एका सकाळी मुलगी रडत होती, तासाभरापूर्वीच दूध प्यायलेली. मला ते माहीत नव्हतं. मी पाजत राहिले, तिने सगळं ओकलं, आणि झोपायचे दोन तास गेले.

त्या दिवशी नवऱ्याची एक जुनी डायरी स्वयंपाकघरात दोरीने टांगली. आता रात्रीचं पान असं असतं:

‘७.१० आई गेली. ९.३० बोंडल्याने ७०, थोडं सांडलं. ९.५० झोपली. १२.४० उठली, ९०. ढेकर आली. १.३० लंगोट. ३.१५ रडली, थोपटली, दूध नको. ४.३० ८०. ६.०० शी एकदा, पिवळी. ७.०० ६०. डबा १ शिल्लक.’

अक्षर नवऱ्याचं असलं तर वेळा मिनिटांसकट असतात, एसटीची सवय. सासूबाईंच्या पानावर ‘कोंबडो आरवल्यावर’ असंही सापडतं, चालतं. मला त्यातून तीन गोष्टी हव्यात: शेवटचं पाजणं कधी झालं, किती डबे उरले, आणि रात्रीत काही वेगळं झालं का. पाच मिनिटांत ओव्हर घेऊन मी मोकळी. संध्याकाळी निघताना मी तसाच ओव्हर देते. दुपारी किती झोपली, अंग गरम वाटलं का, कुठला डबा आधी वापरायचा.

याचा एक फायदा मला आधी कळला नव्हता. लिहायला लागल्यापासून नवरा बाळाचं करायला ‘मदत’ करत नाही, त्याची पाळी करतो.

पायरी सहावी: सकाळची झोप

आता मुख्य मुद्दा. ‘बाळ झोपलं की तूही झोप,’ असा सल्ला तुम्हाला किमान वीस जणी देतील. रजेत तो ठीक आहे. रात्रपाळीनंतर तो कुचकामी आहे. तान्हं मूल दिवसा कधी चाळीस मिनिटं झोपतं, कधी तासभर. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक चक्रच दीड तासाच्या आसपास असतं. बाळाच्या डुलक्यांत झोपणारी आई दिवसात चार वेळा आडवी होते आणि एकदाही नीट झोपत नाही.

पहिल्या आठवड्यात मी हेच केलं. आठला सुटायचं, घरी येऊन लंगोट धुवायचे, भाताला पाणी ठेवायचं, मुलगी झोपली की पडायचं, ती उठली की उठायचं. तिसऱ्या सकाळी पडवीतल्या आरामखुर्चीत तिला अंगावर घेतलं आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा ती माझ्या कोपरातून घसरून खुर्चीच्या कापडात रुतली होती, नाक माझ्या दंडावर दाबलेलं. श्वास चालू होता. तिला काही झालं नाही. मी मात्र हात थरथरत होते म्हणून तिला सासूबाईंकडे दिलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

खुर्ची, सोफा, झोपाळा यांवर झोपेच्या गुंगीत बाळाला घेऊन बसणं फार धोक्याचं, शेजारी अंथरुणावर झोपण्यापेक्षाही. आमचा नियम तेव्हापासून असा: नाईटनंतरचं पाजणं खाली घट्ट गादीवर, आणि दुसरं जागं माणूस शेजारी. पाजून झालं की ते माणूस बाळाला उचलून नेतं.

वेळापत्रक साधारण असं बसलं. पावणेनऊला घरी, आंघोळ, पाजणं, ओव्हर. थोडी पेज किंवा पिठी-भात, पोट तुडुंब नाही. पावणेदहाला आत. साडेबाराच्या सुमारास एकदा सासूबाई तिला माझ्याजवळ आणतात, मी अर्धवट झोपेत पाजते, त्या नेतात. अडीचला उठणं. पुढची रात्रही नाईट असेल तर साडेपाच ते साडेसहा आणखी एक झोप. पहिल्या नाईटच्या दुपारी दीड तास झोपून निघायचं. शेवटच्या नाईटनंतर सकाळी दोन-अडीच तासच, मग रात्री लवकर झोपून गाडी रुळावर आणायची.

झोपायला माजघर. जुन्या चिऱ्याच्या घरातलं माजघर दिवसाही अंधारं आणि गार असतं. स्लॅबच्या घरात असाल तर खिडकीला जाड गोधडी टांगा. फोन सायलेंट नाही, दुसऱ्या खोलीत. शेवटचा चहा रात्री तीनला, कारण चहा-कॉफीचा अर्धा अंमल पाचेक तासांनीही अंगात शिल्लक असतो. कोणी दुसरं गाडी चालवत असेल तर घरी येताना गॉगल लावा. सकाळच्या लख्ख उजेडाने मेंदूला दिवस उजाडल्याचं कळतं आणि झोप उडते.

स्वतः गाडी चालवत असाल तर गॉगल नको, आणि खरं तर गाडीही नको. जुलैमधल्या एका सकाळी नेरूरच्या रस्त्यावर माझी स्कूटी सरळ शेताच्या बांधाकडे निघाली होती. समोरून येणाऱ्या टेम्पोच्या हॉर्नने जाग आली. तेव्हापासून मी एसटीने येते, किंवा निघण्याआधी चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटं अलार्म लावून झोपते. उशीर होतो. होऊ द्या.

राहता राहिले पाहुणे. बाळ बघायला माणसं अकरा वाजता येतात, आणि घरात असून सूनबाई बाहेर आली नाही याची चर्चा वाडीभर होते. आम्ही दाराच्या कडीला एक लाल पंचा बांधतो. पंचा असला की मी झोपलेय. आता वाडीत पोरांनाही माहीत आहे. पण हे चाललं ते सासूबाईंमुळे. पहिल्यांदा चुलतसासूबाई थेट माजघराकडे निघाल्या तेव्हा त्याच आडव्या उभ्या राहिल्या. मी तोवर जागी होऊन उठायच्या बेतात होते. मला म्हणाल्या, ‘चेडवाक मी बघतंय, तू वायच पड.’ तुमच्या घरात हे काम कोण करणार, ते रजेतच ठरवा. ते तुम्ही स्वतः करू शकत नाही, कारण तुम्ही झोपलेल्या असाल.

बाळाची रात्र

पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला दिवसरात्र कळत नाही, नंतर हळूहळू कळायला लागते. तुमच्या नाईटमुळे त्याची रात्र बदलू देऊ नका. रात्री दिवा मंद, बोलणं कमी. दिवसा उजेड आणि घरातले आवाज. उताणं झोपवायचं, सपाट घट्ट गादीवर, उशी आणि गोधड्यांचा ढीग नको. झोळीत हनुवटी छातीला टेकते, म्हणून लहान बाळाला झोळीत झोपवून रात्रभर ठेवायचं नाही. झोका द्या, झोपलं की पाळण्यात किंवा गादीवर ठेवा. मच्छरदाणी बारा महिने.

आंघोळीनंतरची धुरी आमच्याकडे वादाचा विषय झाला. ओव्याचा आणि धुपाचा धूर त्या इवल्या फुप्फुसांत कशाला? शेवटी धुरी देवासमोर, बाळाला फक्त खोबरेल तेलाची मालीश, असा तह झाला.

पावसाळ्यासाठी वेगळं

लंगोट वाळत नाहीत. दुप्पट संख्या ठेवा, वलणीवर घरातच पंख्याखाली टाका आणि शेवटी इस्त्री फिरवा. शेगडीवर वाळवले तर कपड्यांना धुराचा वास राहतो. इन्व्हर्टर घेणार असाल तर त्यावर पहिला पंखा बाळाच्या खोलीचा. घाटात दरड कोसळली, रस्त्यावर पाणी आलं तर सकाळऐवजी दुपारी घरी पोहोचाल हे धरून चाला. जून ते सप्टेंबर मी रोजच्यापेक्षा दोन डबे जास्त ठेवते. ज्यांच्या घरचा पुरुष मासेमारीला जातो, त्यांना जून-जुलैच्या बंदीत तो घरी मिळतो. त्या काळात जास्तीच्या नाईट उरकून घेणारी एक मैत्रीण आहे माझी, शहाणी आहे.

ड्यूटी सोडून धावायचं कधी

ही यादी डायरीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण रात्री घरी असणाऱ्या माणसाला ती वाचता आली पाहिजे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप. दूध ओढतच नाही. हाक मारून, हलवून नीट जागं होत नाही. श्वास फार जलद, छाती आत खेचली जातेय. आकडी. सहा-आठ तास लंगोट कोरडा. यातलं काहीही असलं तर मला फोन नंतर, आधी १०८.

आणि आईसाठी एक. दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, झोपायला मिळूनही झोप येत नसेल, तर ते नाईटचं थकणं समजून ढकलू नका. डॉक्टरांशी बोला. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

गणपती, आणि रांगणं

ड्यूटीची अदलाबदल गणपतीत मागू नका, कोकणात ती कोणी देत नाही. त्याआधीच दुसऱ्या कोणाचा तरी ख्रिसमस किंवा ईद आपल्या अंगावर घ्या, मग गणपतीचे दोन दिवस मागायला तोंड राहतं. भजनाच्या रात्री बाळ जागं राहिलं तर एका रात्रीने काही बिघडत नाही.

सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं की डब्यांची संख्या कमी होते. उकड्या तांदळाची मऊ पेज, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं. रात्री निघण्याआधी सातला एक खाणं आणि एक पाजणं. नवव्या महिन्याच्या लसीची तारीख रोस्टर लागायच्या आधी मागून घ्या. नाईट संपवून तसंच रांगेत उभं राहायचा प्रकार मी एकदा केला, पुन्हा करणार नाही.

आणि मग मूल रांगायला लागतं. लाल पंचा तिला वाचता येत नाही. सकाळी साडेदहाला माजघराच्या दारावर इवल्या तळव्याची थाप पडते, सासूबाई मागून ‘गो, आवस निजली हा’ म्हणत धावतात. आम्ही दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी लावून घेतली. सुताराने दीडशे रुपये घेतले.